हक्कसोडपत्र



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्या विहारातही चालते. मागच्या वर्षी भाद्रपद पौर्णिमेला वाचनानंतर प्रवचनाची पाळी माझ्यावर आली. विषय ठरला होता ‘तृष्णा आणि त्याग’. कचेरी सुटल्यावर लोकलच्या गर्दीतून धावतपळत आलो, तोंडावर पाणी मारले, पांढरा सदरा चढवला आणि चांगला पाऊण तास बोललो. तृष्णा हेच दुःखाचे मूळ आहे, ‘माझे माझे’ म्हणणारा माणूस कधी सुखी होत नाही, मूठ उघडल्याशिवाय मन मोकळे होत नाही, असे बरेच काही सांगितले. उपासिका माना डोलवीत होत्या. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून माझी ताई बसली होती. ती काही माझे प्रवचन ऐकायला म्हणून आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिला एका कागदावर सही करायची होती, म्हणून ती आदल्या दिवशी मुक्कामाला आली होती. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र.

आज या सदरात मला त्या कागदाविषयी लिहायचे आहे. थोडी घरातली गोष्ट आहे, आणि त्यात माझी शोभा नाही. पण जो माणूस दुसऱ्यांना उपदेश करतो त्याने आपल्या घरचा हिशेबही कधीतरी उघडा केला पाहिजे.

आमचे बाबा महापालिकेच्या सफाई खात्यात होते. निवृत्त झाल्यावर फंडाचे जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी २००४ साली शहराबाहेर एक घर घेतले. एक खोली, एक स्वयंपाकघर, ३२० चौरस फूट. ज्या माणसाने सारा जन्म पत्र्याच्या खोलीत काढला त्याला हे घर म्हणजे राजवाडाच वाटला. दारावर त्यांनी निळ्या रंगात ‘जयभीम’ लिहून घेतले आणि मगच आत पाऊल टाकले. बाबा २०१५ साली गेले. आई मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. मृत्युपत्र कोणी केले नव्हते. सोसायटीच्या अर्जावर नामनिर्देशित म्हणून माझे नाव होते आणि त्या घरात माझाच संसार होता. त्यामुळे घर माझे झाले, आता फक्त कागद तेवढे सरळ करायचे राहिले, असे मी धरून चाललो होतो.

खरे तर मी आस्थापना विभागातला कारकून. नामनिर्देशनाचे अर्ज रोज माझ्या टेबलावरून जातात. नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे, तो वारसांचा विश्वस्त असतो, हे मी कितीतरी लोकांना समजावून सांगितले आहे. स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र ते मला आठवले नाही. आठवले नाही म्हणणेही खोटेच. आठवून द्यायचे नव्हते.

आम्ही तीन भावंडे. ताई सर्वांत मोठी, मग मी, मग धाकटा. धाकटा नाशिकला असतो. त्याच्याशी मी फोनवर बोललो, काही रक्कम ठरवली, त्याने ‘दादा, तू म्हणशील तसं’ म्हटले. ताईशी मी काय बोललो? तिला मी तारीख कळवली. एवढेच. भावाशी व्यवहार केला आणि बहिणीला फक्त तारीख सांगितली. आपल्या समाजातल्या किती घरांत हे असेच चालते, ते वाचकांनी आपल्या मनाला विचारून पाहावे.

त्या रात्री जेवण झाल्यावर ताई भांडी विसळून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, “तू आज बोललास ते पटलं मला. पण एक सांग. सोडायचं म्हणजे आपलं सोडायचं, का दुसऱ्याचं सोडवून घ्यायचं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. विहारात राहून गेलेली शंका ती विचारत होती. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, “असू दे. सकाळी किती वाजता निघायचं?” आणि आईच्या जागी अंथरूण टाकून ती झोपली.

मला झोप येईना. सकाळचे कागद एकदा तपासून ठेवू म्हणून मी आईची पत्र्याची पेटी उघडली. भागदाखला, वीजबिले, बाबांच्या मृत्यूचा दाखला हे सगळे आईने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. त्या पिशवीच्या तळाशी एक पिवळा पडलेला कागद निघाला. ताईचा शाळा सोडल्याचा दाखला. इयत्ता सातवी. शाळा सोडण्याचे कारण, ‘घरगुती अडचण’.

ती घरगुती अडचण म्हणजे मी आणि धाकटा. आई चार घरची धुणीभांडी करायला सकाळी सहाला बाहेर पडायची. आम्हाला सांभाळायला कोणीतरी हवे होते. ताई वर्गात पहिल्या पाचांत असायची, पण शाळा तिने सोडली. पुढे मी दिवसा नोकरी करून रात्रीच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झालो. समाजाने माझा सत्कार केला. माझा हार ताईच्याच हातून घातला गेला, पण तेव्हा तिच्या सातवीची आठवण कोणालाच झाली नाही. आज ताईचे यजमान पाठीच्या दुखण्याने चार वर्षे घरी आहेत, रिक्षा चालवता येत नाही. ताई एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते आणि भाड्याच्या खोलीत राहते.

एका हातात तो दाखला आणि दुसऱ्या हातात उद्याचे हक्कसोडपत्र. ताईच्या आयुष्यात असे दोनच सरकारी कागद येत होते आणि दोन्हींवर एकच शब्द होता, सोडणे. पहिला कागद झाला तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या वेळी मीही विचारले नव्हते.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. आजोबांकडे येसकरपाळी असायची. हातात घुंगराची काठी घ्यायची, गावाचे सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. ते बाबासाहेबांना प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. पण मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेची हाक गावोगाव पोहोचली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, वतनाच्या तुकड्यापायी तुम्ही गुलाम राहिलात हे ते जन्मभर सांगत राहिले. ती शिकवण पुढच्या पिढीच्या अंगी भिनली. माझ्या आजोबांनी एके दिवशी ती घुंगराची काठी चावडीवर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

आज हे सांगताना सोपे वाटते. पण ती काठी सोडली म्हणजे भाकर सुटली. बेडी होती खरी, पण घरातली चूल त्याच बेडीवर पेटत होती. गावाने दळण बंद केले, दुकानदाराने मीठ देणे बंद केले. आजोबा बायको-मुलांना घेऊन मुंबईला आले आणि गोदीत ओझी उचलू लागले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर आजीने देव्हाऱ्यातले पिढ्यान्‌पिढ्यांचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजी निरक्षर होती. ‘देव कोपला तर?’ असे शेजारणीने विचारल्यावर ती म्हणाली होती, “कोपायचा तेवढा आजवर कोपला की.” ही गोष्ट आमच्या घरात अजून हसून सांगतात.

याला मी श्रद्धा म्हणतो. आपल्या कार्यकर्त्यांना श्रद्धा हा शब्द उच्चारायला संकोच वाटतो, कारण त्याला लागून अंधश्रद्धा हा शब्द उभा असतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितलेच आहे की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मान्य करू नका, हिताचे आहे की अहिताचे हे स्वतः जाणून घ्या. मग श्रद्धा कशाला? मी हिशेबाचा माणूस आहे, मला ते असे समजते. पतपेढीत पैसे ठेवताना आपण तिचा ताळेबंद पाहतो, चार जुन्या सभासदांना विचारतो आणि मग पैसे ठेवतो. ठेवल्यावर रोज रात्री उठून तिजोरी बघायला जात नाही. तपासून ठेवलेला हा जो भरवसा, तीच धम्मातली श्रद्धा. आजोबांनी बाबासाहेबांचे जीवन पाहिले, त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि हातातली भाकर सोडली. ज्याला भरवसा नाही त्याची मूठ उघडत नाही. मूठ लोभाने जेवढी आवळलेली असते, त्याहून अधिक ती भीतीने आवळलेली असते. उद्या काय होईल, मुलांचे काय होईल, ही ती भीती.

माझेही तसेच होते. मला राजवाडा नको होता. मला भीती वाटत होती की ताईचा हिस्सा मान्य केला तर घर विकावे लागेल, मुलांच्या शाळा सुटतील, पुन्हा भाड्याची खोली येईल. ज्या आजोबांनी चुलीवरची भाकर सोडली त्यांचा हा बी.कॉम. नातू ३२० चौरस फुटांच्या एका तृतीयांशाला चिकटून बसला होता, आणि विहारात अनासक्ती शिकवत होता.

पिटकांतली एक गोष्ट मला पुन्हा वाचावीशी वाटली. श्रावस्तीचा अनाथपिंडिक आपल्या सर्वांना माहीत आहे. जेतवनाच्या जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून त्याने ती भूमी विकत घेतली आणि संघाला दान दिली. दानाची गोष्ट सांगताना आपण त्याचेच नाव घेतो. तो शेवटच्या आजारात असताना भदंत सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला गेले. सारिपुत्तांनी त्याला उपदेश केला की, डोळा, कान, शरीर, मन, वेदना, विचार, या कशालाही धरून बसू नकोस. ते ऐकून अनाथपिंडिक रडू लागला. आनंदांना वाटले, याचा धीर सुटला. पण तो म्हणाला, मी इतकी वर्षे तथागतांची आणि संघाची सेवा केली, असा उपदेश मात्र मला कधी ऐकायला मिळाला नाही. त्याला सांगण्यात आले की, पांढऱ्या वस्त्रातल्या गृहस्थांना असा उपदेश सहसा सांगत नाहीत, तो भिक्षूंसाठी असतो. तेव्हा मरणाच्या दारातून त्या गृहस्थाने विनंती केली की, हा उपदेश गृहस्थांनाही सांगा, समजून घेणारे त्यांच्यातही आहेत.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्याने आयुष्यभर दान दिले त्यालाही शेवटी कळले की दान देणे निराळे आणि ‘माझे’ सोडणे निराळे. मीही विहाराच्या छतासाठी दरवर्षी देणगी देतो, पावती घेतो, फलकावर नाव येते. ती देणगी देताना माझे कधी काही सुटले नाही. जे सुटायला अवघड होते ते घरातच होते.

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली तर तिचा दुरुपयोग होतो. ‘सोडा, धरू नका’ हा उपदेश आपल्या देशात कायम ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनाच केला गेला आहे. गरिबाला सांगायचे, समाधानी राहा. बाईला सांगायचे, माहेरावर हक्क सांगू नको, माया तुटेल. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे की तथागतांनी दारिद्र्याचे गोडवे गायलेले नाहीत, त्यांनी निषेध केला तो लोभाचा. कक्करपत्त गावच्या दीघजाणू नावाच्या कोलियाने तथागतांना सांगितले की, आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, आमच्या हिताचे सांगा. तथागतांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. कष्टाने कमवा, प्रामाणिकपणे कमावलेले जपा, चांगली संगत धरा, आणि तराजू धरणाऱ्यासारखे जमाखर्चावर लक्ष ठेवून बेताने जगा, हे आधी सांगितले. त्यानंतर पुढच्या चार गोष्टी सांगितल्या. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. पालीत या त्यागाला ‘चाग’ म्हणतात. घरात राहूनच मनाला कंजूषपणाचा मळ लागू द्यायचा नाही आणि हात मोकळा ठेवायचा, असा त्याचा अर्थ तिथेच सांगितला आहे. म्हणजे त्याग करायला आधी हातात काहीतरी कष्टाचे, हक्काचे असावे लागते. ज्याच्या हातात काहीच दिलेले नाही, त्याच्या रिकाम्या मुठीला त्याग म्हणता येत नाही.

बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हातात तेच दिले. मुलीला मुलाबरोबर वारसा मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रोखले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे आणखीही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे तेव्हापासून ठरलेले आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ सालच्या दुरुस्तीने देशभर मुलगी बरोबरीची झाली. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तोच हक्क आम्ही त्यांच्या फोटोखाली बसून आपल्या बहिणीकडून एका सहीने काढून घेतो. आणि वर त्याला माहेरची माया असे गोड नाव देतो.

सकाळी मी ताईला म्हटले, “आज जायचं नाही. सुट्टी टाकली आहे, पण निबंधकाकडे जायचं नाही.” ताई घाबरली. “मी बोलले ते मनावर घेतलंस का? मी सही करते रे, मला काही नको.” मी म्हटले, “तुला काय हवं ते नंतर बघू. तुझं काय आहे ते आधी ठरवू.”

इथे सर्व गोड झाले असे कोणी समजू नये. ताई गेल्यावर पत्नी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, आईंची शेवटची पाच वर्षं मी काढली. रात्रीबेरात्री उठले, अंग पुसलं, घास भरवला. तेव्हा कोण होतं? त्याचा हिशेब कोण मांडणार?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. बहिणीला न्याय देताना मी पुन्हा दुसऱ्या एका बाईच्या कष्टावर हात फिरवत होतो. मी पत्नीला एवढेच म्हटले की, हे तू ताईच्या तोंडावर बोल, मी मध्ये पडणार नाही.

एका रविवारी आम्ही तिन्ही भावंडे बसलो. पत्नीही बसली. दलालाकडून घराची किंमत काढून आणली होती, १८ लाख. प्रत्येकाचे ६ लाख. धाकट्याला आधी ठरवलेली रक्कम यापेक्षा कमी होती, तेही त्याला सांगितले. तो म्हणाला, माझ्या रकमेला घाई नाही. मी सांगितले की पतपेढीतून कर्ज काढून ताईला आधी दोन लाख देतो, बाकीचे चार वर्षांत हप्त्याने. पत्नीने आपले म्हणणे मांडले. मांडताना तिचा आवाज चढला.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “माझ्या सहा लाखांतलं एक लाख हिचं. भावाला सोडत नाही मी. हिला देते. माझ्या आईचं अंग हिने पुसलं.”

पत्नी उठून आत गेली आणि बराच वेळ चहाचे आधण ठेवत राहिली.

वाचकहो, मी इतकी वर्षे त्याग या विषयावर बोलतो, पण त्याग पाहिला तो त्या दिवशी. भाद्रपद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ताईने सही केली असती तर तिचे सहा लाख गेले असते आणि तो त्याग झाला नसता. ते तिच्याकडून काढून घेणे झाले असते. इथे सहा लाख तिचे आहेत हे सर्वांनी मान्य केले, आणि मग तिने आपल्या मर्जीने, कोणाला द्यायचे ते स्वतः ठरवून, एक लाख सोडले. ज्या बाईला भाड्याच्या खोलीचे भाडे दर महिन्याला जुळवावे लागते तिने. तिला हे बळ कुठून आले? ती विहारात शेवटच्या रांगेत बसते, पंचशील म्हणते, घरी जाते. तिने कधी व्याख्यान दिलेले नाही.

मला नकुलमातेची आठवण झाली. तिचा नवरा नकुलपिता अतिशय आजारी होता आणि बायको-मुलांच्या काळजीने त्याचा जीव अडकला होता. नकुलमातेने त्याला धीर दिला की, काळजी मनात घेऊन जाऊ नका, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुले वाढवीन, घर चालवीन, शील सोडणार नाही. तो त्या दुखण्यातून बरा झाला आणि काठी टेकत तथागतांकडे गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले. या बाईने धम्म सांगितला तो आपल्या हातातल्या कसबाच्या जोरावर. आपल्या घरांतल्या पोळ्या लाटणाऱ्या, धुणी धुणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी आम्हाला असाच धीर देऊन आजवर उभे केले आहे. त्यांच्या हातांवर भरवसा ठेवला तर आम्हा पुरुषांची मूठ जरा लवकर उघडेल.

माझा पहिला हप्ता गेला आहे. कर्जामुळे हात आखडला आहे. मोटारसायकल बदलायची होती, ती बदललेली नाही. मोठ्या मुलीच्या शिकवणीचे पैसे दोन भागांत भरले. सोसायटीच्या दप्तरी आम्हा तिघांची नावे वारस म्हणून लागली आहेत. शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा ताई जी सही करील ती कागद वाचून करील. कालामांना सांगितल्याप्रमाणे मी स्वतःपुरते तपासून पाहिले आहे. पैसे कमी झाले आणि झोप परत आली, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. ‘माझे’ पूर्ण सुटले असे म्हणणार नाही. अजूनही त्या घराच्या भिंतीकडे पाहताना मनात हिशेब चालतो. तृष्णा एका प्रवचनाने जात नाही आणि एका हप्त्यानेही जात नाही.

जाता जाता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. आई-वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी किंवा त्या आठवड्यात कोणीही बहिणीपुढे कागद ठेवू नये, दुःखात माणूस कशावरही सही करतो. सही घ्यायचीच असेल तर आधी मिळकतीची किंमत तिला सांगावी, कागद पूर्ण वाचून दाखवावा आणि तिला वाटले तर तिच्या ओळखीच्या माणसाला विचारू द्यावे. वडीलधाऱ्यांनी जिवंतपणीच मृत्युपत्र करावे आणि त्यात लेकीला विसरू नये, सेवा करणाऱ्या सुनेलाही विसरू नये. आणि बहिणींना सांगणे असे की, सही न केल्याने माया तुटत नसते. तुम्हाला आपला हिस्सा भावाला द्यावासा वाटला तर जरूर द्या, पण तो आपला आहे हे आधी जाणून घ्या आणि मग द्या.

बावीस प्रतिज्ञांत आपण दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. त्यांत दान आहे, तसे नेक्खम्मही आहे, म्हणजे ऐहिक सुखांची आसक्ती सोडणे. दोन्हींची सुरुवात स्वतःच्या मुठीपासून करायची आहे.

हे लिहिण्यापूर्वी मी ताईला विचारले. ती म्हणाली, “लिही. पण माझं नाव घालू नको.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तो सातवीचा दाखला दे मला परत. नातीला दाखवायचा आहे.”

दाखला मी तिला नेऊन दिला. नात यंदा आठवीत गेली आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!